क्षेत्र कोणाचे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र, म्हणजे शेत, कल्पून हे शेत नेमके कोणाच्या मालकीचे असा वाद ज्ञानेश्वरांनी मांडला आहे. जीववादी म्हणतात की शेत जीवाचे असून प्राण हे त्याचे कूळ. सांख्यांच्या मते ते प्रकृतीचे. आणखी कोणी ते संकल्पाचे, कोणी स्वभावाचे, तर कोणी काळाचे ठरवतात.

मालकीचा हाच प्रश्न येथील एका पक्ष्याच्या शरीराबद्दलही विचारता येतो. नेवासे तालुक्यातच प्रवरा गोदावरीला मिळते, आणि पुढे जायकवाडीचा जलाशय पसरतो, ज्याला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येथे येणारा पट्टकदंब हंस, ज्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर उतरतो आणि गवताचे व पिकांचे कोवळे कोंब चोचीने खुडून खातो. त्या कोंबांतील तंतू, ज्याला सेल्युलोज म्हणतात, पचवणारे पाचकद्रव्य त्याच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर ज्या दोन बंद पिशव्या असतात, त्यांतील जिवाणू सेल्युलोजचा थोडा भाग आंबवून त्यातून मेदाम्ले बनवतात आणि ती हंसाला पोसतात. हे जिवाणू पिलाला मुख्यतः अंड्याबाहेर आल्यावर, घरट्याच्या मातीतून, पाण्यातून व अन्नातून मिळतात. शिवाय सस्तन प्राण्यांच्या मानाने पक्ष्यांत वंश आणि जिवाणू यांचे नाते सैल आढळते, आणि मुक्काम बदलला की जिवाणूंचा मेळही बऱ्याच अंशी बदलू शकतो. दूरच्या उड्डाणापूर्वी काही किनारी पक्ष्यांची आतडीच आक्रसतात व पोहोचल्यावर पुन्हा वाढतात, म्हणजे येथे शेतात राबणारेच नव्हे, तर खुद्द शेतही स्थिर नाही.

यावरून ज्ञानेश्वरी विज्ञानाने सिद्ध केली असे म्हणणे उतावळेपणाचे होईल, आणि त्यात दोहोंचाही अनादर आहे. ज्ञानेश्वरांनी पंचमहाभूते, इंद्रिये, मन, बुद्धी, एवढेच काय, चेतनासुद्धा क्षेत्रातच मोजली आणि त्यांना जाणणारा क्षेत्रज्ञ वेगळा ठेवला. जिवाणूंची भर पडली तरी ती क्षेत्राच्याच बाजूला पडते, क्षेत्रज्ञापर्यंत सूक्ष्मदर्शक पोहोचत नाही. मात्र शरीरावर एकट्या जीवाने सांगितलेला मालकीहक्क या पुराव्यापुढे फारच लंगडा पडतो.

याच पुराव्याची एक व्यावहारिक बाजूही आहे. प्रतिजैविकांना, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधांना, दाद न देणारे जिवाणू अनेक देशांतील वन्य स्थलांतरी पक्ष्यांत सापडले आहेत, आणि माणसांची, जनावरांची व कोंबड्यांची औषधे सांडपाण्यावाटे नद्यांत उतरतात. जो गाळ हंसाच्या पोटात जिवाणू पेरतो, तो गाळ नदीच घडवते. त्यामुळे गावाचे सांडपाणी प्रक्रियेविना प्रवरेत किंवा गोदावरीत सोडणे हे धर्माच्या दृष्टीनेही दुसऱ्याच्या क्षेत्रावरील अतिक्रमणच मानले पाहिजे.