वानरांसाठी मागितलेले वरदान
देवराईच्या दर्शनाला निघणाऱ्या भाविकांसाठी चिंतन

॥ श्रीराम ॥

रामायणाचे युद्धकांड सर्व भाविकांच्या परिचयाचे आहे. सेतुबंधन, इंद्रजिताचा वध, रावणाचा अंत, सीतामाईची अग्निपरीक्षा हे सारे प्रसंग कीर्तनाच्या रंगात वारंवार ऐकावयास मिळतात. परंतु त्याच कांडाच्या अखेरीस येणारा एक लहानसा प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. युद्ध संपल्यावर देवराज इंद्र प्रसन्न होऊन प्रभू रामचंद्रांना वर मागावयास सांगतो. वनवासाची चौदा वर्षे संपत आलेली आहेत, अयोध्येचे सिंहासन वाट पाहत आहे. अशा वेळी प्रभू स्वतःसाठी काहीच मागत नाहीत. आपल्यासाठी बायकापोरांना सोडून आलेले आणि रणांगणावर पडलेले सर्व वानर पुन्हा जिवंत व्हावेत, त्यांच्या अंगावरील घाव भरून यावेत, हे पहिले मागणे. आणि पुढे दुसरे मागणे असे, की हे वानर जेथे जेथे राहतील तेथे ऋतू नसतानाही कंदमुळे, फुले व फळे असावीत आणि तेथील नद्या निर्मळ वाहाव्यात. इंद्र तथास्तु म्हणतो आणि झोपेतून उठावे तसे वानरवीर उठून बसतात.

या दुसऱ्या मागण्यापाशी भाविकाने क्षणभर थांबावे. प्रभूंनी वानरांसाठी सोने मागितले नाही, वाडे मागितले नाहीत. अयोध्येचा राजा होणाऱ्याला वानरांसाठी एखादे कायमचे अन्नछत्र उघडणे अवघड नव्हते. तेही त्यांच्या मनात आले नाही. त्यांनी मागितली ती झाडे आणि वाहते पाणी. ज्याने वानरांचे ऋण सर्वांत अधिक मानले, त्याने त्या ऋणाची फेड म्हणून त्यांच्यासाठी अरण्य मागितले.

भोर आणि वेल्हे परिसरातील डोंगरदऱ्यांत शिरणाऱ्या भाविकाला या वरदानाचा अर्थ पुस्तक न उघडताही कळू शकतो. रायरेश्वर, रोहिडा, राजगड आणि तोरणा यांच्या छायेतील हा मुलूख. भोरच्या राजवाड्यातील रामनवमीचा उत्सव संस्थानी काळापासून प्रसिद्ध आहे. येथील गावागावांच्या वेशीवर, ओढ्याच्या काठी किंवा डोंगराच्या सोंडेवर मेंगाई, वाघजाई, शिरकाई, काळूबाई, भैरोबा अशी दैवते वसलेली आहेत. त्यांतील कित्येक दैवतांच्या भोवती रानाचा एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या राखलेला असतो. हीच देवराई. कोणी तिला देवरहाटी म्हणतात, कोणी नुसतेच ‘देवाचे रान’. नसरापूरजवळ शिवगंगेच्या काठी झाडीत वसलेल्या महादेवाचे तर नावच बनेश्वर, म्हणजे बनाचा ईश्वर.

देवराईत शिरताच बाहेरचे ऊन मागे राहते. आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजन, उंबर असे जुने वृक्ष, त्यांना वेढून वर गेलेले गारंबीचे अजस्र वेल, पायाखाली पाचोळ्याचा जाड थर. पुष्कळ ठिकाणी मूर्तीला छप्पर नसते. देवीला छप्पर मानवत नाही अशी गावाची श्रद्धा असते. झाडांची सावली हेच तिचे मंदिर. येथील नियम कोणत्याही फलकावर लिहिलेले नसतात, परंतु गावातील लहान मुलालाही ते पाठ असतात. जिवंत फांदी तोडावयाची नाही. कित्येक ठिकाणी गळून पडलेली काटकीसुद्धा चुलीसाठी घरी न्यावयाची नाही. देवकार्यासाठी लाकूड हवेच असेल तर गुरवाकरवी देवीला कौल लावावयाचा. मूर्तीला लावलेले फूल वा तांदूळ ठरल्या बाजूने पडले तरच होकार, नाही तर कुऱ्हाड खांद्यावरून खाली उतरत नाही.

या श्रद्धेला भोळेपणा म्हणून हसणारे एके काळी पुष्कळ होते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात धरणांची कामे निघाली, रस्ते डोंगरात शिरले आणि त्यांच्या मागोमाग कोळशाच्या भट्ट्या आल्या. ज्या उतारांवर घनदाट रान होते ते उतार पाहता पाहता उघडे पडले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या डोंगरांतून पायपीट करून देवरायांची पाहणी केली, तेव्हा मूळच्या रानाचे नमुने त्यांना मुख्यतः देवीच्या नावाने राखलेल्या तुकड्यांत आढळले. सरकारी नकाशा जे राखू शकला नाही ते कौलाच्या तांदळाने राखले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता वानरांकडे वळू. शहरातून येणारे भाविक सर्वांनाच सरसकट ‘माकडे’ म्हणतात, परंतु गावकरी दोन जाती नेमक्या ओळखतात. काळ्या तोंडाचा, राखाडी अंगाचा, लांब शेपटी उंचावून झाडाझाडांवरून झेपावणारा तो वानर. हनुमंताशी ज्याचे नाते जोडले जाते तो हाच. तांबूस तोंडाचे, डोक्यावर मधोमध भांग पाडून केस पसरल्यासारखी टोपी असलेले ते माकड. वानर हा मुख्यतः पाला खाणारा प्राणी. कोवळी पाने, कळ्या, कच्ची फळे पचविण्यासाठी त्याच्या जठरात निराळे कप्पे असतात आणि तेथे पाला आंबवून पचविणारे सूक्ष्म जीव असतात. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. ते घाईने फळे गालात भरते, दूर सुरक्षित जागी जाऊन खाते आणि बिया तेथेच टाकते. देवराईतील किती झाडे अशा रीतीने लागली असतील याचा हिशेब ज्याचा त्यालाच ठाऊक. एवढे मात्र खरे, की या रानात फळ खाणारा आणि झाड लावणारा असे दोन वेगळे नसतात.

प्रभूंनी मागितलेल्या ‘अकाली फळा’चे रहस्यही येथेच उलगडते. वड, पिंपळ, उंबर, नांदूर या एकाच कुळातील झाडांचा फळण्याचा काळ एक नसतो. एक उंबर लगडलेला असताना शेजारचा रिकामा असतो, आणि तो लगडतो तेव्हा पहिला विसावतो. त्यामुळे आंबा-जांभळाचा हंगाम सरल्यावरही जुन्या देवराईत कोठे ना कोठे एखादे झाड फळांनी भरलेले आढळते. औदुंबराला दत्तप्रभूंचे स्थान मानून त्याच्यावर कुऱ्हाड न चालविणाऱ्या पूर्वजांनी इंद्राच्या तथास्तूला आपल्या हातांनी जणू दुजोरा दिला. ज्या रानात असे वृक्ष टिकले, तेथे वानरांना माणसाच्या हाताकडे पाहावे लागत नाही.

परंतु अलीकडे ते हाताकडे पाहू लागले आहेत, आणि हे वळण भाविकांनीच लावले आहे.

भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटात वाघजाईचे मंदिर आहे. दर्शन घ्यावे, टपरीवर चहा-भजी घ्यावी, खाली पसरलेली दरी पाहावी, हा तेथील नित्याचा क्रम. घाटाच्या पायथ्याकडे समर्थ रामदासस्वामींची शिवथरघळ आहे. दासबोधाचे लेखन तेथे झाले अशी परंपरा आहे. ज्या समर्थांनी गावोगावी मारुती उभे केले, त्यांच्या घळीच्या माथ्यावरील हा रस्ता. येथे गाडी थांबली की माकडे जवळ येतात आणि गाडीतून बिस्किटे, वेफर्स, भज्यांचे तुकडे बाहेर पडतात. टाकणाऱ्याच्या मनात कपट नसते. बहुतेकांच्या मनात मारुतीरायाचेच स्मरण असते. शनिवार असला तर हात अधिकच सैल सुटतो.

भूतदया हा धर्म नव्हे काय, अन्नदानाहून मोठे दान कोणते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान तेवढे सात्त्विक, असा तेथे स्पष्ट निवाडा आहे. घाटातील वळण हा दानाचा देश नव्हे, कारण तेथे खाऊसाठी रस्त्यावर उतरलेले पिल्लू मागून येणाऱ्या गाडीखाली सापडते. पाला पचविणाऱ्या जठराला मैद्याचे आणि साखरेचे पदार्थ हे योग्य अन्न नव्हे. त्याने पोटातील पचनाचा क्रमच बिघडतो. शिवाय जो आपले अन्न स्वतः शोधू शकतो त्याला याचक बनविणे, याला दया म्हणावे काय? हनुमंताने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही. त्याच्या नावाने त्याच्या गोत्रजांना हात पसरावयास शिकविणे ही त्याची सेवा कशी होईल?

यातील दुसरी बाजू भाविकांच्या दृष्टीआड राहते. रविवारी टोळीला सवय लागते, आणि सोमवारी गाड्या येत नाहीत. मग ती टोळी खालच्या वाडीत उतरते. कौले फुटतात, परसातील भोपळा जातो, नाचणीची कणसे ओरबाडली जातात, भुईमूग उपटला जातो. सुंदरकांडात एक कथा आहे. सीतामाईचा शोध लागल्याच्या आनंदात वानरांनी सुग्रीवाचे मधुवन उद्ध्वस्त केले, राखणदार दधिमुखाला झोडपले. तक्रार ऐकून सुग्रीव रागावला तर नाहीच, उलट काम फत्ते झाले असे ओळखून आनंदला. ही कथा सांगून शेतकऱ्याला सहनशीलता शिकविण्याचा मोह कोणास होईल. परंतु मधुवन राजाचे होते. डोंगरउतारावरील नाचणीचे वावर ज्याचे आहे त्याच्याजवळ दुसरे वावर नसते. त्यानेही आजवर वानरावर दगड उचलताना आधी मारुतीची क्षमा मागितली आहे. त्याची ही श्रद्धा भाविकाने टाकलेल्या बिस्किटाच्या पुड्यापायी संपू नये.

देवराईवर आणखी एक संकट भक्तीच्याच वाटेने येते. देवीचा नवस फळला की भक्त तिच्यासाठी काही करू इच्छितो. मग सभामंडप, फरशी, वाहनतळ, कमान यांची कल्पना निघते आणि त्यासाठी ‘चारदोन झाडे’ काढली जातात. ज्या देवीने शतकानुशतके छप्पर नाकारले तिच्यावर स्लॅब पडतो. मंदिरे बांधू नयेत असे नव्हे. परंतु जेथे रान हेच देवीचे शरीर मानले गेले आहे, तेथे जीर्णोद्धार करावयाचा तो रानाचा. ओढ्याच्या उगमाशी साचलेला कचरा काढणे, गावकऱ्यांच्या संमतीने याच मातीतील जांभूळ, उंबर, हिरडा यांची रोपे लावून दोन उन्हाळे जगविणे, हे सुवर्णकलशाहून कमी पुण्याचे मानू नये. ज्याला वानरांना काही द्यावयाचेच आहे त्याने उंबराचे रोप द्यावे. फळ स्वतःच्या हयातीत दिसले नाही तरी चालेल.

आणि ‘निर्मळ नद्या’ या शब्दांचा विचार करावा. भोर तालुक्याच्या पश्चिमेस शिरगावजवळ नीरा उगम पावते. वेल्ह्याकडील कानंदी आणि गुंजवणी यांचे पाणी वाहत येऊन तिलाच मिळते. पुढे आषाढी वारीत माऊलींच्या पादुकांना याच नीरेत स्नान घातले जाते. आणखी पुढे नरसिंहपूर येथे ती भीमेला मिळते आणि ती भीमाच पंढरीला चंद्रभागा होते. देवराईच्या पाचोळ्यात मुरलेला पावसाचा थेंब अशा रीतीने विठुरायाच्या पायाशी पोहोचतो. वेफर्सची रिकामी पुडीही त्याच वाटेने निघते.

देवराईत प्रवेश करताना पादत्राणे बाहेर काढावीत. ध्वनिवर्धक व मोठ्याने गाणी लावू नयेत. नैवेद्य व नारळ गुरवाच्या स्वाधीन करावा, पायरीवर वा पारावर उघडा ठेवू नये. प्लॅस्टिकची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नये, कारण पिशवीचा आवाज माकडांच्या ओळखीचा झालेला आहे. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, ते त्याला आव्हान वाटते. त्याने दात दाखविले तर ते हसत नसून भ्यालेले असते, हे मुलांना आधीच समजावून सांगावे. पिल्लाजवळ जाऊ नये. वानर झाडावरून एकाएकी खवळून ओरडू लागले तर जवळपास बिबट्या असण्याचा संभव असतो. अशा वेळी मुलांना जवळ घेऊन पायवाटेनेच परतावे. चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि हळद वा तंबाखू न लावता त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भोर-वेल्ह्यातील शासकीय रुग्णालयात जाऊन रेबीजप्रतिबंधक लसीची विचारणा करावी. वानराला पकडणे अथवा मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे.

पावसाळ्यात दरडी कोसळण्याच्या भीतीने वरंध घाटातील वाहतूक प्रशासनाच्या आदेशाने वेळोवेळी बंद ठेवली जाते. त्या दिवसांत वाघजाईच्या दर्शनास निघणाऱ्यांनी भोर येथे चौकशी करूनच पुढे जावे. डोंगरातील देवरायांकडे जाणाऱ्या पायवाटा निसरड्या असल्याने गावातील माहीतगार माणूस बरोबर घ्यावा, आणि अंधार पडण्यापूर्वी देवीला नमस्कार करून खाली उतरावे.