अख्खी कोंबडी

अमेरिकेत परसातल्या शेगडीवर अख्खी कोंबडी भाजण्याची चाल आहे. १९५२ साली जॉर्ज स्टीफन यांनी तरंगत्या बोयाच्या पोलादी गोळ्याचे दोन भाग करून झाकणाची शेगडी बनविली, ती याच कामी येते. आपल्यातले कित्येक मांसाहारी तो सबंध पक्षी पाहून तोंड फिरवितात. रश्श्यातले तुकडे मात्र त्यांना चालतात. मग दोष मारण्यात की दिसण्यात? तुकड्यामुळे जीव विसरता येतो. अखंड आकार तो विसरू देत नाही. म्हणून खाणाऱ्याने तो एकदा तरी डोळे उघडून पाहावा. पाहिले, की घेतलेला जीव वाया जाऊ नये, ही जबाबदारी आपोआप अंगावर येते. उतावळा माणूस कोंबडी थेट निखाऱ्यांवर ठेवतो. कातडी करपते, मांडी आत कच्ची राहते आणि सारे उकिरड्यावर जाते. जाणता निखारे बाजूंना सारतो, झाकण घालतो आणि मांडीच्या आतली उष्णता ७४ अंश सेल्सियस होईपर्यंत तासभर तरी वाट पाहतो. न खाणारा श्रेष्ठ असेल. त्याच्याशी माझा वाद नाही. पण खाणाऱ्यालाही त्याचा धर्म असतो, आणि नजर न चोरण्यापासून त्याची सुरुवात होते.