सरत्या हंगामाचा वेग

एखाद्या संघानें हंगामाच्या अखेरीस लागोपाठ चारपांच सामने जिंकले, कीं त्याचे चाहते पुढील वर्षाच्या विजयाची द्वाही आतांपासूनच फिरवूं लागतात. अखेरच्या विजयांत जो वेग उत्पन्न होतो, तो मधले कांहीं महिने टिकून नव्या हंगामांत उतरतो काय? हा प्रश्न वरवर क्रीडांगणाचा दिसला, तरी त्याच्या पोटीं एक नैतिक प्रश्न आहे. कालच्या यशानें मनुष्याचा उद्यांवर कितपत हक्क पोंचतो?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मुंबई सिटी या फुटबॉल-संघानें २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं एटीके मोहन बागानला २-० असें हरवून इंडियन सुपर लीगच्या साखळींत अग्रस्थान मिळविलें, आणि १३ मार्चला फातोर्ड्याच्या मैदानावर त्याच प्रतिस्पर्ध्यावर २-१ अशी मात करून अजिंक्यपदहि पटकाविलें. याहून उत्तम शेवट कोणता? पुढील हंगामाचा आरंभहि त्यास साजेसाच झाला. गोव्यावर ३-० व मोहन बागानवर ५-१ असे विजय मिळाले. तरीहि साखळी संपली तेव्हां मुंबई पांचव्या स्थानीं होती. प्रशिक्षक लोबेरा निघून गेले होते, आणि ओगबेचे हैदराबादच्या संघांत जाऊन तेथें १८ गोल करून बसला होता. ४ मे २०२४ रोजीं मुंबईनें पुन्हां करंडक जिंकला. पुढच्या हंगामांत ती सहावी आली. दोन उदाहरणांनीं सिद्धांत ठरत नाहीं हें खरें. परंतु त्यांमागील कारणें विचार करण्याजोगीं आहेत.

वेग हा शब्द आपण पदार्थविज्ञानांतून उसना घेतला आहे. न्यूटनच्या नियमानें गतिमान वस्तु अडथळा नसेल तर चालतच राहते. पण ती वस्तु तीच असावी लागते. संघ हा माणसांचा समुदाय. त्यांतील कित्येक बदलतात, उरलेल्यांचीं वयें वाढतात, आणि प्रतिस्पर्धीहि स्वस्थ बसलेले नसतात. शिवाय गाल्टन यानें १८८६ सालीं दाखविलें कीं, फार उंच आईबापांचीं मुलें सरासरीनें त्यांच्याहून कमी उंच निघतात. त्याच न्यायानें अत्युच्च यशांत गुणांबरोबर दैवाचाहि वांटा असतो. गुण राहतात, पण दैव दरवर्षीं तेंच दान टाकीत नाहीं.

तर मग उमेद मिथ्याच काय? तसें नव्हे. उमेद खरी असते. मात्र ती अल्पायुषी असते, आणि पराभवाचें ओझेंहि तसेंच. १५ एप्रिल २०२४ रोजीं कोलकात्यांत मुंबई मोहन बागानकडून १-२ अशी हरली आणि अग्रस्थान गमावून बसली. अवघ्या १९ दिवसांनीं त्याच मैदानावर त्याच संघास तिनें ३-१ असें नमविलें. जो वेग १९ दिवस टिकला नाहीं, तो चार महिने टिकेल असें कोणत्या आधारानें म्हणावें?

आमच्या रायगड जिल्ह्यांत लोक याचें उत्तर न बोलतां आचरीत असतात. पेणचे मूर्तिकार गणेशचतुर्थीपूर्वी रात्रंदिवस खपतात. ती धांदल चतुर्थीबरोबर संपते. पुढील वर्षास उरतात ते साचे आणि डोळे रेखणाऱ्या हाताचें वळण. रोह्याकडील शेतकऱ्यास भात सोळा आणे पिकलें म्हणून पुढच्या मृगांत सूट मिळत नाहीं. त्यास पुन्हां राब भाजावा लागतो, बांध धरावा लागतो, चिखलणी करावी लागते. राखून ठेवलेलें चांगलें बियाणें मात्र त्याच्या उपयोगीं पडतें.

तात्पर्य, यश स्वतः पुढें जात नाहीं. ज्या शिस्तीनें तें मिळालें ती शिस्त जाते, आणि तीहि रोज नव्यानें पाळली तरच. शास्त्रकारांनीं कर्माचे संचित, प्रारब्ध व क्रियमाण असे तीन भेद केले. मनुष्याच्या हातीं आहे तें क्रियमाण. शेवटच्या चार सामन्यांवरून प्रशिक्षकास डोक्यावर घेणें किंवा घरीं धाडणें, एका परीक्षेवरून विद्यार्थ्यास जन्माचा हुशार अथवा ढ ठरविणें सोपें असतें. पण तो न्याय नव्हे. अखेरच्या विजयाचा आनंद पुरता भोगावा. नव्या हंगामाचा पहिला सामना शून्यापासूनच सुरू होतो, आणि हरलेल्याच्या दृष्टीनें पाहिलें तर या नियमांत केवढी तरी दया आहे.