टिकटिक थांबेपर्यंत

गाडी बंद करा. चंद्रपूरहून मूलमार्गे निघालात, व्याहाडचा वैनगंगेचा पूल ओलांडलात. आता गडचिरोलीच्या अलीकडे एखाद्या सागाखाली थोडं थांबा. तापलेलं लोखंड निवताना बारीक टिकटिक होते. ती ऐका.

गाडी जुनी टाटा मांझा आहे असं समजा, डिझेलची. नाव टाटांचं, इंजिन इटलीच्या फियाटचं, १२४८ सीसी. तेही इटलीतून आलेलं नाही. पुण्याजवळ, महागणपतीच्या रांजणगावात, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात ते तयार झालं.

श्वास आत घ्या. इंजिनही असाच घेतं. हवा आत येते, मग दाबली जाते, इतकी की दाबानेच तापते आणि तिच्यात सोडलेलं डिझेल ठिणगीवाचून पेटतं. मग धूर बाहेर. तुम्हीही श्वास सोडा. तुमचा एवढा एक श्वास होईपर्यंत, गाडी नुसती उभी असली तरी, चार सिलिंडर मिळून शंभरेक वेळा जाळ होतो.

हा जाळ कुठला?

रांजणगाव हे उत्तर खरंच आहे. ते मनात राहू द्या आणि सावकाश मागे या. सकाळी मूल रोडवर एमईएलचा कारखाना लागला होता. २०११ पासून तो सरकारी पोलाद कंपनी सेलकडे आहे. तिथे फेरोमँगनीज होतं. पोलादात मँगनीज थोडंच पडतं, पण आतल्या गंधकाला तेच बांधून ठेवतं. नाहीतर तापलेलं पोलाद घणाखाली तडकतं.

त्याआधी चंद्रपूरलगतच्या दुर्गापूरच्या चिमण्या. २९२० मेगावॅटचं वीज केंद्र: कोळसा इथला, पाणी इरई नदीचं. १९९९ पासून चंद्रपूरची वीज साडेसातशे किलोमीटरच्या एका तारमार्गाने थेट भिवंडीजवळच्या पडघ्याला जाते. पश्चिमेकडचे कारखाने ज्या जाळ्यावर चालतात, त्यात ही वीज मिसळलेली असते. राख मात्र इथेच राहते. ‘उद्योग पुण्याकडे, जंगल तुमच्याकडे’ असं आम्हा चंद्रपूरकरांना सहज ऐकवलं जातं, तेव्हा मला ही राख आठवते आणि ते बोलणं खुपतं.

अजून मागे, लोखंडाच्या मुळाकडे. एटापल्लीच्या बाजूला सुरजागड. खाणवाल्यांसाठी ते हेमॅटाइट. माडिया आदिवासींसाठी ठाकुरदेवाचा डोंगर, जिथे जानेवारीत जत्रा भरते. या मांझाच्या बिडाच्या ब्लॉकमध्ये तिथलं लोखंड असेलच असं नाही. पुढच्या कुठल्यातरी गाडीत असेल. उद्या आष्टीवरून आलापल्लीकडे जाताना खनिजाचे ट्रक दिसतील. कडेच्या झाडाचं एक पान धरा, अंगठ्याने पुसा. लाल धुळीखालून हिरवी शीर वर येईल. अंगठा लगेच झटकू नका.

आता बॉनेटवर हात ठेवा. अजून कोमट आहे. टिकटिक विरळ होत चालली आहे. ती पुरती थांबेपर्यंत किल्ली फिरवू नका.