शपथ घेणाऱ्यांसाठी

आई अंबाबाई, रात्रीचे दोन वाजून गेले. तुझी शेजारती कधीच झाली असेल. अशा वेळी तुला हाक मारते आहे, राग मानू नकोस. व्यसनमुक्ती केंद्राच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले आहे. आत खिडकीजवळच्या खाटेवर माझा भाचा आहे. पहिले चार दिवस घरचं एक माणूस जवळ राहू द्या म्हणाले, म्हणून दिवसा त्याची आई असते आणि रात्री मी.

आज त्याची तिसरी रात्र. सोमवारी रात्री त्यानं शेवटची घेतली. मंगळवारी सकाळी तुझ्या पायरीवर डोकं टेकून शपथ घेतली, आणि त्याच्या आईनं, माझ्या वहिनीनं, त्याला महाद्वारातून बाहेर काढून थेट रिक्षात बसवलं. घरी नेलं नाही. घरी नेल्यावर काय होतं, ते तिला माहीत आहे आणि तुलाही.

आई, दादाचं तुझ्यापाशी मी इतक्या वर्षांत नीट बोललेच नाही. आज बोलते.

दादा गुळव्या होता. काहिलीतल्या रसाचा नुसता वास घेऊन पाक कुठवर आला ते सांगायचा. हंगामात रात्ररात्र चुलवाणापाशी उभं राहायचं, मग थकवा घालवायला थोडी, मग थोडी जास्त, मग सकाळी हात कापतात म्हणून उठल्या उठल्या. एका दिवाळीनंतर त्यानं तुझ्यासमोर शपथ घेतली, आजपासून थेंब नाही. आम्ही तुझी ओटी भरली, पेढे वाटले आणि त्याचा पाय घसरू नये म्हणून त्याला माडीवरच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवशी तो दाराआडून म्हणाला, घोटभर दे, बरं वाटंना. मी दिली नाही. शपथ राखली याचा मला अभिमान वाटला होता, आई.

तिसऱ्या रात्री तो घामानं न्हाला होता. भिंतीकडं बघून म्हणत होता, आज रविवार हाय, जोतिबाची सासनकाठी उचला. सबंध अंग कापत होतं आणि तोंडात एकच, चांगभलं, चांगभलं. वार रविवार नव्हताच. पण आम्हाला वाटलं, अंगात आलं. आमच्या आईनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ऊद घातला. आम्ही सगळे त्याच्या पाया पडलो. मी तर माझ्या लग्नाचं विचारलं त्याला. पहाटे फिट आली. टेम्पो मिळेपर्यंत दुसरी. दवाखान्यात पोचलो तेव्हा उरलं नव्हतं काही. तिथल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, रोजची होती? आणि एकदम बंद केली?

किती वर्षं मी तुझ्यावर रुसून होते. तुझी शपथ पाळली आणि तू भाऊ नेलास, असं मनात धरलं. नवरात्रात आले तरी तुझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. या बाकावर आल्यावर मला कळलं ते असं. पालथा रिकामा हंडा पंचगंगेत दाबून धरावा, तशी रोजची दारू मेंदूला दाबून धरते, आणि मेंदूही तेवढ्याच ताकदीनं वर रेटत राहतो. वर्षानुवर्षं. एके दिवशी हात एकदम काढला की तो उसळतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन दिवस उलटून गेल्यावर, तिसऱ्या-चौथ्या रात्री कुणाला वात होतो, नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, ताप चढतो, छाती धडधडून थांबूही शकते. औषध मिळालं तर बहुतेक माणूस वाचतो. दादाच्या अंगात देव आला नव्हता, आई. त्याचा मेंदू उसळला होता, आणि आम्ही हात जोडून उभे होतो.

म्हणून माझं पहिलं मागणं शपथ घेणाऱ्यांसाठी आहे. उद्यापासून बंद, असं म्हणत तुझ्या दारी रोज कोण ना कोण येत असेल. कुणी माळ घालतो, कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो. त्यांची शपथ घे. मोडायला लावू नकोस. पण ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला प्यावी लागते, त्याला तिथून एकट्यानं घरी पाठवू नकोस. त्याच्या आईच्या, बायकोच्या मनात ये आणि सांग, आधी डॉक्टर. सरकारचा एक फुकट फोन आहे, १४४४६. माझ्या हातात असतं तर तुझ्या महाद्वारावर तो आकडा रंगवला असता.

या केंद्रावर तुझा हात असू दे. बाहेरून पाहिलं तर साधी दुमजली इमारत. मंगळवारी इथं आलो तर कुणी उपदेश केला नाही. विचारलं काय, तर किती पितोस, किती वर्षं, शेवटची कधी घेतलीस, आधी कधी फिट आली होती का. पिशवी उलटी करून खोकल्याचं औषध आणि तंबाखूची पुडी काढून घेतली. रक्त तपासलं, साखर पाहिली, यकृत पाहिलं. वहिनी सारखी म्हणत होती, सलाईन लावा, अंगात जीव नाही त्याच्या. सिस्टरनी तिला शांतपणे सांगितलं की आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर दारूनं पोखरलेल्या मेंदूला इजा होऊ शकते. एवढी बारीक गोष्ट, आई, आणि त्यावर माणसाची आठवण टिकायची की जायची ते ठरतं.

मग गोळ्या. क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत फारच थकलं असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी जास्त, मग रोज थोडी कमी, आठवड्याभरात बंद. डॉक्टरांनी तो उतार कागदावर काढून दाखवला तेव्हा मला चुलवाण दिसलं. काहील उतरायच्या आधी दादा जाळ कमी करत आणायचा. त्याला हे समजावून सांगायची गरजच पडली नसती.

दर चार तासांनी सिस्टर येतात. हात पुढं कर, बोटं पसर. मळमळतंय का. अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं का. दिवा डोळ्यांत खुपतो का. आपण कुठं आहोत, आज वार कोणता. अशा दहा गोष्टींना आकडे घालतात, बेरीज करतात, आणि बेरीज वाढली तर औषध वाढवतात. खोलीतला दिवा रात्रभर मालवत नाहीत, भिंतीवर मोठं घड्याळ आणि कॅलेंडर आहे, म्हणजे जाग आली तर माणसाला आपण कुठं आहोत ते सापडावं. त्या सिस्टरना बळ दे. आज जी रात्रपाळीला आहे ती पोर माझ्या भाच्याहून लहान असेल. काल त्यानं तिला नको ते शब्द वापरले. तिनं टिपण केलं, त्याच्या कपाळाचा घाम पुसला आणि पुढच्या खाटेकडे गेली. तिला तिच्या घरी सुखाची झोप लागू दे.

पुढच्या खाटेवर गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणारा मुलगा आहे. त्याचं नाक वाहतं, जांभयांवर जांभया येतात, हाडं मोडल्यासारखा कण्हतो. त्याला जिभेखाली विरघळणारी वेगळी गोळी देतात. त्याचं इथं कुणीच आलेलं नाही. त्याच्यावरही नजर ठेव.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासाठीही मागते. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि गर्दवर लिहिणारे अनिल अवचट यांनी १९८६ साली ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला पहिली मोठी मदत केली. आता दोघं अवचट नाहीत, मुलगी चालवते. मराठी घरात बेवडा, पेताड हे शब्द होते. त्या दारानं अशा माणसाला पेशंट म्हटलं. ते आणि त्याच्यासारखी दारं उघडी ठेव.

पण सगळी दारं तशी नसतात. केंद्राची पाटी लावून आत मारणारे, कोंडणारे, बांधून घालणारेही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं व्यसनाला आजारात धरलं आणि रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई केली. जिथं अजून साखळी असेल तिथं ती तुटू दे. कडी लावणारी मीही होते, म्हणून हे मागताना माझी मान खाली आहे.

आणि आई, ज्या बायका आमटीतून, चहातून गुपचूप पूड देतात, न सांगता दारू सोडवा अशी जाहिरात वाचून, त्यांचा हात आवर. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्या पुडीत डायसल्फिराम असेल आणि नवरा त्यावर प्यायला, तर त्याचा रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं असतं.

२०१९ साली सरकारनं देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. दारूच्या विळख्यात अडकलेल्या अडतीस जणांत एकाला कसलेतरी उपचार मिळत होते. दाखल होऊन उपचार मिळणारा एकशे ऐंशीत एक. माझा भाचा तो एक आहे. हे माझं भाग्य म्हणून तुझ्यापुढं ठेवताना लाज वाटते. बाकीचे एकशे एकोणऐंशी कुठं आहेत? कुणी गुत्त्याबाहेर पडला असेल, कुणाला घरच्यांनी कोंडलं असेल, कुणाच्या पाया पडत असतील. आणि त्यांत बायका असतील, ज्यांचं नाव घरातला कुणी घेणारच नाही, दाखल करणं तर लांब. त्यांना आधी शोध.

आमच्या जिल्ह्यात ऊस आहे. त्याचा गूळ तुझ्या नैवेद्याच्या पुरणात पडतो आणि त्याच्याच मळीतून स्पिरिट निघतं. आम्ही दोन्हीवर जगतो. यावर काय मागावं ते मला समजत नाही, म्हणून नुसतं तुझ्या कानावर घालते.

ही रात्र टळली तरी पुढं काय, हेही माहीत आहे. आठवड्यात अंग मोकळं होतं. मन मोकळं व्हायला वरच्या मजल्यावर महिनाभर राहायचं, सकाळी प्रार्थना, झाडलोट, गटात बसून आपलं आपण सांगायचं, रविवारी बायका-आयांची वेगळी बैठक. मग घरी, आणि घराच्या कोपऱ्यावर तेच दुकान. तो घसरेल कदाचित. घसरला तर त्याला इथं परत यायची लाज वाटू देऊ नकोस आणि आम्हाला टोमणा मारायची बुद्धी देऊ नकोस. किरणोत्सवात मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप ओलांडून पहिल्या दिवशी तुझ्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. एखाद्या वर्षी ढग येतात आणि ते वाटेतच थांबतं. म्हणून कुणी दार लावून घेत नाही.

सिस्टर आत गेल्या आहेत. त्याचा आवाज येतो आहे, शब्द नीट ऐकू येत नाहीत. मघाशी तो भिंतीकडं बघत होता आणि माझ्या पोटात गोळा आला, पण तो घड्याळ बघत होता. सहा वाजता त्या पुन्हा विचारतील, आज वार कोणता. उजाडेल तो शुक्रवार, आई, तुझा वार. तेवढं त्याला आठवू दे.