पहिले पान कोणाचे?

दिवाळीत आमच्या घरी पंगत बसे, तेव्हा पहिले पान कोणाचे मांडायचे हे ठरलेले असे. आधी देवाचा नैवेद्य, मग मुले, मग पाहुणे व वडीलधारी माणसे, आणि सर्वांच्या शेवटी रांधणाऱ्या बायका. त्यातला हा शेवटचा क्रम न्यायाचा नव्हता, हे मला फार उशिरा कळले. पण एका दिवाळीत धाकटा काका तापाने फणफणला आणि आजीने एका शब्दात सारा क्रम मोडला. "आधी त्याची पेज होऊ द्या. करंज्या कुठे पळून जात नाहीत," ती म्हणाली. त्या दिवशी देवसुद्धा थांबला. आजीने कोणाचे मत घेतले नाही आणि कोणी हरकतही घेतली नाही.

घर लहान, म्हणून हे सोपे. राज्याचे घर मोठे. तेथेही एक पंगत बसते, तिला अधिवेशन म्हणतात. आणि पहिले पान कोणाचे हे ज्या कागदावर ठरते, त्याला कार्यक्रमपत्रिका. कागद दिसायला रुक्ष. पण भाषणांत सारेच गरिबाचे कैवारी असतात, त्यांची खरी परीक्षा या कागदावर होते. आजार आला, उपासमार आली, की विधानसभेने आधी काय हाती घ्यावे, हा प्रश्न मला राजकारणाचा कमी आणि नीतीचा अधिक वाटतो.

२०२० साल आठवा. कोरोनाची साथ आली आणि महाराष्ट्र विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन १४ मार्चला, ठरल्या दिवसाच्या आधीच, आटोपते घेतले गेले. ते योग्यच झाले. पुढे २५ मार्चपासून देश बंद झाला. कारखाने थांबले, मजूर मुलाबाळांना घेऊन रस्त्याने चालू लागले. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून निघून ते मध्य प्रदेशातल्या आपल्या घरांकडे चालले होते. या साऱ्या काळात सभागृह एक दिवसही भरले नाही. ते भरले ७ आणि ८ सप्टेंबरला, अवघे दोन दिवस. दोन बैठकींत सहा महिन्यांहून अधिक अंतर असू नये, असे आपली राज्यघटना सांगते, आणि ती मुदत त्याच आठवड्यात संपत आली होती. डिसेंबरातले अधिवेशनही दोनच दिवसांचे झाले.

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, घराला आग लागली असता सभा भरवायची की पाणी मारायचे?" आक्षेप खोटा नाही. पहिल्या दिवसांत हुकूम हवेत, हात हवेत; चर्चा नको. शिवाय सभासदही माणसेच, त्यांनाही जिवाची भीती. परंतु आग पहिल्या आठवड्यातली आणि धग पुढच्या सहा महिन्यांतली, यांत फरक आहे. कोणाला धान्य मिळाले नाही, कोणते इस्पितळ दारातून परतवीत आहे, कोणाचे नाव यादीतून गळले, हे विचारण्यासाठीच सभागृह असते. ब्रिटनच्या पार्लमेंटने एप्रिल २०२० मध्येच काही सभासद सभागृहात आणि बाकीचे घरून पडद्यावर, अशी सोय करून कामकाज चालू केले. मार्ग होता.

आता थोडे माझ्याविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढणे होईल. त्याच वर्षी शाळा बंद असताना मी रोज मुलांना फोन करीत असे. माझ्यापुढे एक तक्ता असे: कोणाकडे मोबाइल आहे, कोणी धडा पाहिला, कोणी गृहपाठ केला. एके दिवशी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, शाळा कधी सुरू व्हायची?" मला आनंद झाला. "का गं, अभ्यासाची आठवण येते?" ती जरा थांबली. "तसं नाही गुरुजी. खिचडीची येते. धाकटा रोज विचारतो."

माझ्या तक्त्यात त्या प्रश्नाला रकानाच नव्हता. पुढे शिधा घरपोच देण्याची सोय झाली, तरी मला जे लागायचे ते लागले. मी निर्दय नव्हतो. मी फक्त माझ्या नेहमीच्या क्रमाने चाललो होतो. बहुतेक अन्याय असेच होतात. कोणी दुष्टपणाने ते करीत नाही, जुना क्रम मोडायचे कोणाला सुचत नाही, एवढेच.

पण याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एकदा क्रम मोडला होता. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडील पिढीच्या अजून तोंडी आहे: फोडलेली खडी, सुकडी, परदेशी मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि योजना सुरू झाली. पाऊस पडल्यावर ती गुंडाळता आली असती. ती गुंडाळली नाही. १९७५ साली पगारदारांवर व व्यावसायिकांवर कर बसवून तिच्यासाठी पैसा उभा केला, आणि १९७७ साली कायदा केला: खेड्यातल्या ज्या प्रौढ माणसाने काम मागितले, त्याला ते दिलेच पाहिजे. अंमलात खोटी राहिल्या, मजुरी रेंगाळली, हे खरे. तरी हात पसरण्याऐवजी अर्ज करता येऊ लागला.

मला वाटते, विधानसभेचे खरे काम हेच. सरकार दया करू शकते. दयेचा हक्क करणे कायदेमंडळाच्याच हाती असते. दया देणाऱ्याच्या आठवणीवर जगते, हक्क घेणाऱ्याच्या. पुढे २००५ साली साऱ्या देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. आणि २०२० साली पायी घरी पोहोचलेल्या कित्येक मजुरांच्या हाताला त्याच कायद्याने काम दिले. एका दुष्काळात मांडलेले पान दुसऱ्या संकटातल्या उपाशी माणसाच्या उपयोगी पडले.

म्हणून साथ ओसरल्यावर मी आपल्या प्रतिनिधींना एवढेच विचारीन: गेल्या संकटातून तुम्ही कोणता हक्क उभा केला? हा प्रश्न एका पक्षाला नाही. जे तेव्हा सत्तेत होते त्यांना, आणि जे नंतर आले त्यांनाही. पाऊस पडल्यावर जो दुष्काळ विसरतो, त्याने दुष्काळात ढाळलेले अश्रू कोणाच्या कामाचे?

आणि स्वतःला विचारायचे ते मी विचारले आहे. हल्ली वर्गात शिरलो की हजेरीचे पुस्तक उघडण्याआधी मी म्हणतो, "जेवून आलात का रे सगळे?" मुले हसतात. एखादे मात्र हसत नाही. त्या दिवशी पहिला तास त्याचा.