कुत्री अडली होती आणि तू व्हिडिओ काढत होतास

मोबाइल खिशात घाल. मान वर कर आणि ऐक.

पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट-काळा स्राव सुरू झाला, आणि तू गल्लीतली पोरं गोळा करून बसलास? पहिल्या पिल्लाआधी तो रंग दिसला म्हणजे आत वार सुटायला लागली, पिल्लाचा प्राणवायू तुटतोय. डॉक्टरांना फोन तेव्हाच करायचा. जोराच्या कळा अर्धा तास चालूनही पिल्लू येत नसेल, तर थांबायचं नाही. पोटात पिल्लं शिल्लक आहेत आणि दोन तास उलटले, तर तेव्हाही थांबायचं नाही. मनगटावर घड्याळ होतं ना तुझ्या?

आणि ते कळा वाढवायचं इंजेक्शन! कोण कुठला सांगतो आणि तू टोचायला निघतोस? पिल्लू वाटेत अडकलेलं असलं तर त्या औषधाने गर्भपिशवी फाटू शकते. तपासल्याशिवाय ते द्यायचंच नसतं. तुझ्या काकूने हात धरला म्हणून कुत्री वाचली.

साधारण 63 दिवसांत ती विते, हे तुला ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यात रोज थर्मामीटर लावायचा. पारा 99 फॅरनहाइटच्या खाली आला की बहुतेक वेळा दिवसभरात कळा सुरू होतात. हे मी वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं. तू लिहूनही घेतलं नाहीस.

शेवटी जिन्याखाली गार फरशीवर व्यायली बिचारी. पहिले काही आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. गारठलेलं पिल्लू आचळ ओढत नाही, पाजलेलं दूध त्याला पचत नाही. तू त्याच्या तोंडात गाईचं दूध ओतलंस. त्याला हवी होती ऊब आणि आईचा चीक, तोही पहिल्याच दिवशी. दोन पिल्लं गेली ती नशिबाने नाही गेली.

रडणं पुरे. तिचं अजून सगळं निभावलेलं नाही. पाजत्या कुत्रीच्या रक्तातलं कॅल्शियम पहिल्या तीन-चार आठवड्यांत एकाएकी उतरू शकतं. ती धापा टाकायला लागली, पाय ताठरले, अंग थरथरलं, तर पिल्लं बाजूला काढ आणि तडक दवाखाना गाठ. सकाळची वाट बघू नकोस.

आता घरी जा. कोपऱ्यात कोरडी सुती चादर अंथर, पोरांना हाकल, तिच्यापुढे पाणी ठेव. संध्याकाळी तिला आणि पिल्लांना डॉक्टरांना दाखवून ये, आणि ते काय म्हणाले ते उद्या पहिल्या तासाला मला येऊन सांग.